वाखो व्हरांदे तुका

देवबागच्या काशीबाई चोडणेकरणीनं तुम्हाला "येवा, बसा, पाणी घेवा" म्हटलं, की ओळखावं, आपलं काहीतरी चुकलंय. आणि "मेल्या, वाखो व्हरांदे तुका, खंय होतंस इतके दिवस?" असं म्हटलं, तर खुशाल पायरीवर टेकावं. चहा येतोच आहे.

पुस्तकात जिला पटकी म्हणतात आणि दवाखान्यात कॉलरा, तिलाच मालवणीत वाखो म्हणतात. वाखो व्हरांदे म्हणजे तुला पटकी घेऊन जावो. ऐकायला भयंकर, पण काशीबाईच्या तोंडी ते साखरेसारखं होतं, आणि साखरेसारखंच ती ते नको तिथे वाटत नसे. मालवणच्या मासळी बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं तिचे बांगडे बोटानं दाबून पाहिले, की ती गोड हसून म्हणे, "बगा, बगा, बरे बगून घेवा." ते गिऱ्हाईक तिच्या लेखी तिथंच मेलं. उलट शाळेतल्या मास्तरांना दुरून बघितलं की सगळा बाजार दणाणून सोडी, "मास्तरानू, वाखो व्हरांदे तुमका, ह्यो सरंगो तुमच्यासाठी लपवन ठेवलंय, वायच बेगीन येवक काय होता?" मास्तर धन्य होत.

एकदा घाटावरून बदलून आलेल्या पोस्टमास्तराला तिनं तिसऱ्याच भेटीत वाखो दिला. बिचारा पांढराफटक पडला. पोलिसात जाऊ की रजा टाकू, असं त्याला झालं. शेवटी पोस्टमननं समजावलं, "सायबानू, पेढे वाटा. माका पयलो वाखो मिळाक वर्सां काढूची लागली."

आणि शेजारच्या घरात राहणारी थोरली जाऊ, सावित्री? लग्न होऊन आल्या दिवसापासून काशीबाई तिला रोज सकाळी विचारी, "वयनीनू, बऱ्या आसात मां?" ते वैर किती खोल होतं, ते एवढ्यावरून समजा.

नवरा दत्ताराम सकाळी होडी ढकलताना एक वाखो खाई आणि परत आला की दुसरा. त्यावर तो धडधाकट राहिला होता. बोलायचा बेताचा. समुद्र खवळलाय हेसुद्धा मान हलवूनच सांगायचा.

ह्या दोघांची एकुलती एक लेक वर्षाली. वाखे खात वाढली, गोव्यात नर्सिंग शिकली आणि उठली ती विलायतेला लीड्स म्हणून गाव आहे तिथल्या दवाखान्यात लागली. एक दिवस तिचा फोन आला, "आये, मी लगीन केलंय."

काशीबाईनं आधी डोक्याला हात लावला, मग फोन कानाला. "नाव काय तेचा?"

"ग्रॅहम."

"गरम?"

"ग्रॅहम गो!"

"तांच म्हणतंय मी. गरम. काय करता?"

"बस चालयता."

"म्हणजे एस्टी?"

"व्हय गो, थयली एस्टी."

एस्टी म्हटल्यावर काशीबाईचा निम्मा राग उतरला. माणूस गोरा असला तरी नोकरी कायमची होती. उरलेला निम्मा राग मात्र उतरत नव्हता, कारण तो राग नव्हताच, भीती होती. जावई परका राहिला तर आज ना उद्या लेकही परकी होणार. मग वर्षातून एकदा पाहुणी येणार, खुर्चीत बसणार, आणि "आई, तू कशी आहेस?" असं पुस्तकातलं बोलणार. ते काशीबाईला मरणाहून वाईट वाटे. म्हणून तिनं ठरवून टाकलं होतं. जावई एकदा दारात येऊ दे, त्याला घरचा करून टाकायचा. घरचा करायची तिच्याकडे एकच रीत होती, ती तुम्हाला आता ठाऊक आहेच.

दोन हजार सात सालच्या डिसेंबरात लेक-जावई आले. गरम हा ताडमाड उंच माणूस. उन्हानं चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झालेला. दारातून आत शिरताना चौकटीवर त्याचं कपाळ असं आपटलं, की कौलं हलली. काशीबाईच्या जिभेवर वाखो आलाच होता, पण तिनं तो गिळला. जावयाचा पहिला वाखो कसा, मानानं द्यायला हवा. पोटभर जेवून, ढेकर देऊन तो हात धुवायला उठेल तेव्हा. ती चुलीशी गेली आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला बसली.

तिकडे वर्षालीनं बॅगेतून एक गार पिशवी काढली. तिच्यात एक बुटकी बाटली आणि पावडरीची एक पुडी. हे फ्रीजमध्ये ठेवायला हवं होतं. काशीबाईकडे फ्रीज नव्हता. ताजी मासळी विकणाऱ्या बाईला फ्रीजचं काय कौतुक? तिच्या मते फ्रीज म्हणजे शिळ्याचं देऊळ. म्हणून वर्षाली ती बाटली घेऊन गेली कुठे, तर सावित्रीकाकीकडे. ती केवढी चूक होती, सांगायला नको.

"ह्यां काय गो, अत्तर?" सावित्रीनं विचारलं.

"औषध आसा, काकी. ग्रॅहमचा. कॉलऱ्याची लस, तोंडान घेवची. एक डोस थयच घेतल्यान, दवाखान्यात दुसरो उशिरान इलो म्हणान हयसर हाडलंय."

"कॉलरा म्हणजे आपलो वाखो मां?" सावित्रीचे डोळे असे चमकले म्हणता!

सुंगटं सोलून होईपर्यंत बातमी वाडीभर फिरून परत काशीबाईच्या दारात आली. आणली भिकाजीनं. हा वाडीतला म्हातारा. कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालायचं असलं, की त्याला बोलावत. तो तोंड पाडून उभा राहिला. "काशये, वायट झाला गो. जावयाक वाखो झालो म्हणतत?"

"कोणी म्हटल्यान?"

मागून सावित्री आलीच होती. "झालो नाय गो, भिकाजी खुळो आसा. होव नये म्हणान औषध घेवन इलो हा. सासरवाडीचा जेवचा म्हणजे काय नेम! जावय शाणो गावलो हां तुका."

कढईत सुंगटं तडतडत होती. काशीबाईनं ती चुलीवरून उतरवली. तिच्या हातचं जेवायला लोक कुडाळहून येत. भावकीतली लग्नं तिच्या कढीवर पार पडली होती. आणि ह्या बाबाला सासूच्या ताटात वाखो दिसला? तोही निघायच्या आधी, इतक्या लांबून? तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिनं कोपऱ्यातलं लहान पातेलं ओढलं, तांदूळ आणि मूगडाळ धुतली आणि आजाऱ्याला देतात ती मऊ आटवल शिजत लावली.

मग बाहेर येऊन पदर सारखा करून म्हणाली, "येवा जावयबापू. बसा. पाणी उकाळलेला आसा. भियां नकात."

वर्षालीचा चेहरा उतरला. आपल्या आईच्या तोंडचं "बसा" काय असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. गरम मात्र बायकोला कौतुकानं म्हणाला, "तुझी आई किती गं सालस! तू तर म्हणत होतीस की फार शिव्या देते."

त्या दिवसापासून घरातले सगळे तिसऱ्यांचं सुकं खात नि सुंगटांची कढी ओरपत आणि गरमासमोर आटवल. बिचारा तांदळाची ती लापशी चमच्यानं खाई, आणि नाक मात्र कढईकडे. त्याला वाटलं, इकडे नव्या जावयाला असाच पांढरा आहार देत असतील. लग्नातला काहीतरी विधी असेल.

बरं, माणूस वाईट असता तर प्रश्न नव्हता. पण हा गरम म्हणजे वाखो द्यावा म्हणूनच देवानं घडवलेला. एकदा रापणीचं जाळं ओढायला गेला आणि दोरीबरोबर स्वतःच पाण्यात ओढला गेला. एकदा पुस्तक वाचायला म्हणून वाळत घातलेल्या सुक्या मासळीवर जाऊन बसला. गावच्या कुत्र्यांना हात जोडून नमस्कार करी. प्रत्येक वेळी काशीबाईच्या ओठांवर वाखो यायचा, ती तो गिळायची आणि म्हणायची, "लागला काय तुमका? जपा हां." असे न दिलेले वाखे तिच्या पोटात साचत चालले. जेवण जाईना, ढेकर करपट येऊ लागले. उतू गेलेले सगळे दत्तारामच्या वाट्याला. होडी नुसती दिसली तरी किनाऱ्यावरून चार-पाच सुटत. दत्ताराम मान हलवी.

मागीलदारी बांगडे चिरायला बसलेल्या आईसमोर वर्षाली एके सकाळी येऊन उकिडवी बसली. "आये, तेका एक तरी वाखो दी गो."

"कित्याक? वाख्याचा औषध घेतलेल्या माणसाक वाखो देवन काय उपेग? माझो फुकट जातलो."

"अगो, तां औषध तेणा नाय, मी घेवक लावलंय!"

काशीबाईचा कोयता थांबला. "तुया?"

"माझो तो धंदो आसा गो. पाणी बदालला की तेंची पोटां बिगाडतत. आमच्या दवाखान्यातली एक बाय गोव्याक इली आणि सगळी रजा मोरयेत काढल्यान. ग्रॅहमाक तुझ्या हातचा सगळा पोटभर खावक गावांदे, म्हणान तर—"

पण शेवटचं वाक्य ऐकायला काशीबाई तिथं होतीच कुठे? तिच्या कानात एवढंच शिरलं, की माझ्या घरात वाखो आहे, असं माझ्या पोटच्या पोरीला वाटलं. जिला मी ह्याच हातांनी भरवलं तिला! ती उठली, हात धुतले आणि अगदी थंड आवाजात म्हणाली, "नर्सबायनू, तुमका जास्त कळता. तुमी शिकलेल्यो."

तुमी. लेकीला तुमी म्हटलं तिनं. वर्षाली रडत घरात पळाली. काशीबाई तिथंच उभी राहिली, अंगणातल्या माशा हाकलल्यासारखं करत. ज्याची तिला इतकी धास्ती होती ते तिनं स्वतःच्याच तोंडानं केलं होतं, आणि ते तिला कळत होतं, आणि मागे घेता येत नव्हतं. मानी माणसाचं असंच असतं, जळला तो मान.

दुसऱ्या दिवशी दुसरा डोस. वर्षालीनं नवऱ्याला पढवून ठेवलं होतं: घेण्याआधी तासभर काही खायचं नाही, प्यायचं नाही, घेतल्यावरही तासभर काही नाही. सावित्री स्वतः बाटली घेऊन आली, दोन्ही हातांत, देवाचा नैवेद्य आणावा तशी. तिच्यामागोमाग अख्खी वाडी अंगणात हजर. विलायती औषध कसं पितात ते बघायचं होतं सगळ्यांना. काशीबाई ओटीवर पाठ करून सुंगटं तळत बसली. शेगडी मुद्दाम बाहेर आणली होती तिनं. घ्या म्हणावं औषध, आणि घ्या वास.

गरमानं पेल्यातल्या पाण्यात पुडी सोडली. पाणी फसफसून वर आलं.

"सोडो!" कोणीतरी ओरडलं.

भिकाजीनं हात वर केला. "थांबा! गाऱ्हाणा घातल्याशिवाय सोडो पिवचो नाय." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत डोळे मिटून सुरूच झाला. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो काशीचो जावय, नाव तेचा गरम, सातासमुद्रापलीकडसून एस्टी चालवन इलो हा!"

"होय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"तो आज वाख्याचो सोडो पिता. तर म्हाराजा, जो काय वाखो, जी काय हगवण, जी काय ओकारी वाट चुकान ह्या पोराच्या पोटाकडे येत आसात, तिका हयसून उचल आणि सातासमुद्रापलीकडे धाड—"

"होय म्हा—"

"थांबा रे! थय तर तेचा घर आसा." भिकाजीनं एक डोळा उघडला, विचार केला, परत मिटला. "थय नको म्हाराजा. दुसरीकडे खंय तरी धाड. फोंडाघाटाच्या वर धाड!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं आटोपेपर्यंत फेस खाली बसला होता. वर्षालीनं त्यात बाटलीतलं औषध ओतलं, ढवळलं, आणि गरमानं "होय म्हाराजा" म्हणून पेला रिकामा केला. वाडीनं टाळ्या पिटल्या.

"आता तासभर काही खायचं नाही," वर्षाली म्हणाली.

"म्हणजे गिराण!" भिकाजी म्हणाला. "वेध आधी, मोक्ष मगे. गरमाक गिराण लागला." ही गोष्ट मात्र सगळ्यांना पटकन समजली. ग्रहणात तोंडात पाणी घालायचं नाही, हे काय विलायतेनं शिकवायला हवं?

सावित्रीच्या पोटात मात्र एक शंका राहिली होती. "त्या बाटलेत होता तरी काय गो, वर्षा?"

"वाखोच, काकी. वाख्याचे जंतू. पण मेल्ले."

"अगो बाय माझे! वाख्यावर औषध म्हणान वाखोच पियालो?"

"मेलेलो वाखो वायच वायच दिलो, की पोटाक तेची वळख जाता. मगे खरो वाखो इलो, तर पोट तेका दारातसूनच परत धाडता. तू कोण ता माका म्हायत आसा, म्हणता."

ओटीवर झारा थांबला. काशीबाईनं मागे वळून पाहिलं नाही. कठड्याला टेकून जाळं विणत बसलेला दत्ताराम, जो दिवसभरात दोन शब्द बोलला तर पुष्कळ, त्यानं खाली बघतच बायकोला म्हटलं, "मगे तुझी आवस आणि काय करी होती?"

कोणाला काही कळलं नाही, एकटी काशीबाई सोडून. वेंगुर्ल्याला तिच्या आधीची दोन भावंडं एकाच पावसात वाख्यानं गेली होती. ही तिसरी जन्मली, आणि त्या दिवसापासून तिची आई हिला उठता-बसता म्हणू लागली: वाखो व्हरांदे तुका. न्हाऊ घालताना, वेणी घालताना, भरवताना. दारावरून जाणाऱ्या वाख्यानं ऐकावं नि म्हणावं, हे पोर तर आधीच मला देऊन टाकलंय, पुन्हा हात कशाला लावा. काशी जगली. तीच लस तिनं पुढे दत्तारामला दिली, वर्षालीला दिली, मास्तरांना नि पोस्टमास्तराला दिली, तोंडानंच. आणि लेक विलायतेत जाऊन तेच शिकून आली होती, फक्त बाटलीत घालून. काशीबाईला एकदम हसूही आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येणं बरं नव्हे, म्हणून ती नवऱ्यावरच खेकसली, "तुमका कोणी इचारल्यान? जाळा बघा आपला!"

आणि नेमकं त्याच वेळी, इतके दिवस आटवलीवर काढलेल्या गरमाचा संयम सुटला. काशीबाईच्या कोपरापाशी सोनेरी सुंगटांचं ताट होतं. त्याचा लांबलचक हात हळूच आला, एक सुंगट उचललं, तोंडाशी नेलं.

"मेल्या!" काशीबाईनं झाऱ्यासकट वळून त्याच्या मनगटावर अशी थाप दिली, की सुंगट उडून भिकाजीच्या मांडीवर पडलं. "वाखो व्हरांदे तुका! तास झालो काय? औषध फुकट घालवतंस? इतक्या लांबसून हाडलेला, माझ्या चेडवान मरमरान हाडलेला! वाखो व्हरांदे तुझ्या त्या जिभेक, वाखो व्हरांदे तुझ्या हाताक, वायच दम नाय तुका? हयसर बस! हलशीत तर बघ!"

साचलेले सगळे निघाले. मासळीवर बसल्याचा, रापणीत पडल्याचा, कपाळ आपटल्याचाही. गरम खाली बसला, घाबरून. वर्षाली धावत आली आणि आईच्या तेलकट हातांवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. "तू पण गो," काशीबाई तिला म्हणाली, "वाखो व्हरांदे तुका. आधी सगळा धड सांगूक काय झालेला?"

तास संपला तशी तिनं गरमासमोर जे ताट मांडलं, त्यात आटवल सोडून सगळं होतं. तो खात राहिला आणि काशीबाई वाढत राहिली, वाढताना शिव्या देत राहिली. सावित्री तोंड वाकडं करून घरी गेली. उरलेल्या सगळ्या दिवसांत गरमाच्या पोटाचं काही म्हणता काही बिघडलं नाही. आता हे लशीमुळे की गाऱ्हाण्यामुळे की काशीबाईच्या तोंडामुळे, ह्यावर भिकाजी अजून वाद घालतो.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. वाडी पुन्हा गोळा. काशीबाईनं लेकीला दिला, जावयाला दिला, गाडीच्या ड्रायव्हरलाही एक दिला, माझ्या पोरांना नीट ने म्हणून. गरम गाडीत बसायला म्हणून वाकला, आणि परत वळला. त्यानं आधी दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामनं मान हलवली. शेवटचे चार दिवस दोघं रोज होडीवर जात होते; तिथं काय चाललं होतं, ते आत्ता उजेडात यायचं होतं.

गरम सासूसमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आये, वाको व्हलांदे तुका."

सावित्रीनं पदर तोंडावर घेतला. भिकाजीनं देवाचं नाव घेतलं. सासूला शिवी! जावयानं! आता झारा येतो की कोयता, म्हणून ड्रायव्हरनं गाडी सुरूच केली.

काशीबाई हलली नाही. उभ्या आयुष्यात तिनं गावाला वाखे वाटले, पण तिला परत द्यायची छाती कोणाची झाली नव्हती. नवऱ्याची नाही, लेकीची नाही. आई गेली, तेव्हापासून तिला कोणीच हे म्हटलं नव्हतं. तिनं मासळीच्या वासाचे आपले दोन्ही हात वर नेले, त्या उंच माणसाचा लाल चेहरा ओढून खाली आणला आणि आपला कान त्याच्या तोंडाशी नेला.

"परत म्हण," ती म्हणाली.